लुटलेली बदकं

पद्मिनी साळुंखे यांच्या हातात चिनी मातीची जुनी ताटली आली की त्या आधी तिला टिचकी मारतात. खणखणली तर घ्यायची. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, मग विकणाऱ्याने देवाशपथ सांगितलं तरी खाली ठेवायची. ही विद्या त्यांना कोणी शिकवली नाही. कऱ्हाडच्या बाजारात माठ घेताना त्यांची आई असंच करायची, तेच लेकीने चंडीगडात ताटल्यांवर चालवलं.

नवरा फौजेत होता. कर्नल सुरेश साळुंखे निवृत्त झाले आणि गावी न परतता इथेच, सेक्टर ३८ मध्ये, पहिल्या मजल्यावर घर घेऊन राहिले. रस्ते रुंद, झाडं भरपूर, हिवाळा छान, असं त्यांचं म्हणणं. तो हिवाळा त्यांना पुरता चारदाही बघायला मिळाला नाही. हृदयविकाराने ते गेले आणि पद्मिनीबाई त्या रुंद रस्त्यांच्या गावात एकट्या उरल्या. मुलगा हर्षवर्धन आयटी पार्कमध्ये नोकरीला, राहायला झिरकपूरला. रविवारी येतो, जेवतो. आई मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो आणि दोघांचं उत्तम जमतं.

जुन्या वस्तूंचा धंदा त्यांनी ठरवून काढला नव्हता. उत्तरेकडच्या सेक्टरांतल्या जुन्या कोठ्या, म्हणजे बंगले, आता भराभर विकल्या जातात. आईबाप जातात, मुलं कॅनडाहून सुट्टी काढून येतात, सह्या करतात, आणि भिंतीवर चाळीस वर्षं टांगलेलं सगळं कबाड्याच्या हातगाडीवर जातं. नक्षीच्या ताटल्या, भिंतीला लावायच्या फुलदाण्या, चिनी मातीचे मुखवटे, फुलापानांच्या फरशा. ओळखीच्या एका सरदारणीचं घर असं रिकामं होताना पद्मिनीबाईंना बघवेना. त्यांनी एक खोकं भरून ताटल्या विकत घेतल्या आणि घरी आणून विचार करत बसल्या की आता यांचं करायचं काय.

त्याचं उत्तर भार्गवीने दिलं. भार्गवी नाशिकची. तिचा नवरा मेजर क्षितिज चंडीमंदिरला पोस्टिंगवर होता. मराठी मंडळाच्या गणपतीत ती पद्मिनीबाईंच्या शेजारी मोदक वळायला बसली, आणि उठली तेव्हा ‘मावशी’ म्हणत होती. तिने फोनवर विक्रीचं पान उघडलं, बाल्कनीतल्या सकाळच्या उन्हात ताटल्यांचे असे फोटो काढले की कबाड्याने बघितले असते तर त्याने कपाळ बडवून घेतलं असतं. बेंगळुरू, पुणे, गुरुग्राम, कुठून कुठून मागण्या यायला लागल्या. खरेदी, पारख आणि बांधाबांध मावशींची. फोटो, लिखाण आणि गिऱ्हाईक भार्गवीचं. नफा निम्मा निम्मा.

दोघींचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. वस्तूत दोष असेल तर पद्मिनीबाईंना तो पहिल्याच ओळीत लिहायला हवा असे. भार्गवी म्हणायची, “मावशी, दोष लपवायचा नाही, मान्य. पण तो तिसऱ्या फोटोत असला तरी चालतो ना?” पद्मिनीबाई हसायच्या. पोरगी चलाख आहे म्हणायच्या. मागच्या हिवाळ्यात त्या तापाने पडल्या तेव्हा याच पोरीने चंडीमंदिरहून रोज येऊन मऊ भात भरवला होता. अशा पोरीला कोण टिचकी मारून बघतं?

आता बदकांबद्दल सांगायला हवं.

त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर चिनी मातीची सहा बदकं तिरक्या रांगेत उडत होती. पुढे सगळ्यात मोठं, मग एकापेक्षा एक लहान, शेवटचं मुठीत मावेल एवढं. निळसर माना, पसरलेले पंख, पाठीवर खिळ्यासाठी भोक आणि कुठल्याशा विलायती कारखान्याचा पुसट शिक्का. पहिली तीन सुरेशरावांनी लग्नाच्या वर्षी देवळालीत, निवृत्त होऊन निघालेल्या एका साहेबाच्या सामानातून घेतली. पुढची तीन शोधायला वीस वर्षं गेली. जिथे बदली होईल तिथे साहेब आधी जुन्या बाजारात घुसायचे. चौथं महूला सापडलं, पाचवं अंबाल्याला मान तुटलेलं मिळालं आणि त्यांनी ते स्वतः बसून चिकटवलं. त्या मानेवर पिवळट रेघ कायमची राहिली. बदलीचा हुकूम आला की सर्वांत आधी बदकं उतरायची, साहेबांच्या लोकरी मोज्यांत शिरायची, आणि नव्या क्वार्टरमध्ये गॅस जोडला जायच्या आत भिंतीवर चढायची. “चला, फॅमिली पोचली,” साहेब म्हणायचे.

एका फुलदाणीच्या फोटोत मागे ही बदकं दिसली आणि दिल्लीच्या एका हॉटेलवाल्याने भार्गवीचा पिच्छा पुरवला. सुटी बदकं कुठेही मिळतात, पण सहांचा पूर्ण थवा? म्हणेल ती किंमत. “मावशी, नवी स्कूटर येईल हो,” भार्गवी म्हणाली. पद्मिनीबाई म्हणाल्या, “स्कूटर मला चालवता येत नाही.” विषय तिथेच संपला, असं त्यांना वाटलं.

मग जानेवारी आला. सुरेशराव गेल्यापासून पद्मिनीबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुठे जात नसत. कोणी बोलावत नव्हतं असं नाही. आपणच मागे राहिलेलं बरं, म्हणजे कोणाला अवघडायला नको, एवढाच हिशेब. यावेळी भार्गवी हट्टाला पेटली. “मावशी, हळदीकुंकू तुमच्याच घरी करायचं. आणि वाण तुम्ही द्यायचं. असल्या जुन्या गोष्टी आता कोण मानतं?” तिने मंडळातल्या बायकांना फोन केले. वासंती तर पद्मिनीबाईंची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. तिचे यजमान जयंतराव वायुसेनेतून निवृत्त, घर मोहालीत. ती म्हणाली, “अगं, आपण काय अडाणी आहोत का? तू कर, आम्ही सगळ्या येतो.”

त्या दिवशी पद्मिनीबाईंनी कपाटातली हिरवी पैठणी चार वर्षांनी उघडली. बायकांनी त्यांना कुंकू लावलं, त्यांनी बायकांना लावलं. आणि वाण? लोक स्टीलच्या वाट्या देतात, प्लॅस्टिकचे डबे देतात. पद्मिनीबाईंच्या मनात होतं की आपल्याला आज जे परत मिळालंय त्याच्या तोडीचं काहीतरी द्यावं. त्यांनी भिंतीवरचं एकेक बदक उतरवलं आणि सहा जणींच्या पदरात घातलं. वासंतीला पिवळ्या रेघेचं, कारण चिकटवलेली वस्तू ती जपेल. सगळ्यात पुढचं, मोठं, भार्गवीला. वासंती रडली. आणखी दोघी रडल्या. भार्गवीने वाकून नमस्कार केला.

रात्री हर्षवर्धनचा फोन आला. “काय म्हणतोस? आज मजा आली. सगळी बदकं लुटली बघ,” पद्मिनीबाई म्हणाल्या.

“लूट लीं? किसने लूट लीं? आई, पुलिस को फोन किया?”

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. वाण लुटायचं असतं रे, म्हणजे वाटायचं असतं, आपल्याकडे तसंच म्हणतात, हे त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले. ज्या घरात चार वर्षं मोठ्याने कोणी हसलं नव्हतं, तिथे त्या एकट्याच हसत बसल्या.

त्यानंतर काय बिनसलं ते त्यांना कळेना. चैत्रात वासंतीकडे हळदीकुंकू होतं, दरवर्षीचं. पद्मिनीबाईंना कळलं ते दुसऱ्या दिवशी, तेही आंब्याची डाळ किती छान झाली होती असं कोणीतरी बोलून गेल्यावर. मंडळाच्या कार्यक्रमात बायका भेटायच्या, ‘बरं आहे ना?’ विचारायच्या आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत दुसरीकडे बघायच्या. मेमध्ये क्षितिजची बदली झाली. भार्गवी गळ्यात पडून रडली, ‘मावशी, धंदा मी तिथूनही सांभाळते’ म्हणाली आणि गेली. मग हळूहळू मागण्या कमी झाल्या, तिचे फोनही कमी झाले. संसार आहे, लहान वय आहे, पद्मिनीबाईंनी तिचीच बाजू घेतली.

पावसाळ्यात एकदा वासंतीकडे जाणं झालं, मंडळाची वर्गणी द्यायला. दिवाणखान्यात जिथे बदक लावलं होतं तिथे त्याच खिळ्यावर बँकेचं कॅलेंडर लटकत होतं. पद्मिनीबाईंनी ते बघितलं. वासंतीने त्यांना बघताना बघितलं. चहा झाला, वर्गणी झाली, आणि पद्मिनीबाई जिना उतरल्या तेव्हा त्यांना सगळं समजलं होतं, निदान तसं वाटलं होतं. विधवेच्या हातचं वाण. त्या दिवशी तोंडावर हो म्हणाल्या, पण घरात ठेववेना. त्यांना बायकांचा राग आला नाही, स्वतःचाच आला. कशाला पैठणी नेसलीस? कोणी सांगितलं होतं हात पुढे करायला? घरी येऊन त्यांनी ती साडी कपाटाच्या अगदी तळाशी घातली.

दिवाळीच्या आधी जुन्या वस्तूंच्या एका गटावर फोटो आला. दिल्लीतल्या नव्या हॉटेलची भिंत, गडद हिरवी, आणि तिच्यावर तिरक्या रांगेत सहा बदकं. खाली कौतुकाचा पाऊस: ‘पूर्ण थवा! कुठून मिळाला?’ पद्मिनीबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. पाचव्याच्या मानेवर पिवळी रेघ होती. विकणारीचं नाव शेजारीच होतं, एका नव्या पानाचं, आणि त्या पानावर बाल्कनीतल्या सकाळच्या उन्हातले ते ओळखीचे फोटो. त्यांचीच बाल्कनी. त्यांचीच कुंडी कोपऱ्यात.

त्यांनी चप्पल घातली, ऑटो केला आणि मोहालीला जाऊन वासंतीच्या दारात उभ्या राहिल्या.

“माझं बदक कुठे आहे?”

वासंती गोंधळली. “असं काय करतेस? तूच नाही का परत मागवलंस?”

“मी?”

मग खुर्चीवर बसून, पदराने तोंड पुसत वासंतीने सांगितलं. होळीच्या सुमारास भार्गवी आली होती. म्हणाली, मावशींना झोप लागत नाहीये. गावाकडून कोणीतरी त्यांना बोललंय, की विधवेने वाण दिलं तर घेणारीच्या सौभाग्याला ते बरं नसतं. मावशींच्या जिवाला घोर लागलाय, तुमच्यापैकी कोणाचं काही वाईट झालं तर? त्यांना स्वतः मागायची लाज वाटते. तुम्ही मला द्या, मी नेऊन देते, आणि त्यांच्यापुढे हा विषय काढू नका, त्यांना फार लागेल. “सगळ्यांकडे तशीच गेली ग ती. चैत्रात तुला बोलावलं नाही तेही म्हणूनच. म्हटलं, तुलाच नको वाटत असेल. आम्हालाही फसवलं बघ तिने!”

पद्मिनीबाईंना आधी काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. मैत्रिणींनी टाकलं नव्हतं. एका पोरीने सगळ्यांनाच बनवलं होतं. दोघींनी मिळून भार्गवीला शिव्या घातल्या, कऱ्हाडच्या आणि वासंतीच्या वऱ्हाडच्या. केसाने गळा कापला म्हणाल्या. वासंतीने जेवायला वाढलं, पद्मिनीबाई दोन घास जेवल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भार्गवीला फोन लावला. तिने उचलला.

“माझं वाण विकलंस?”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. “मावशी, मी सांगणार होते. खरंच. तुमचा निम्मा हिस्सा मी बाजूला ठेवलाय, आज पाठवते.”

“पैशाचं नाव काढू नकोस. विकायचीच होती तर मला म्हणायचंस, मावशी, मला गरज आहे. मी नाही म्हटलं असतं, मग पुन्हा म्हणायचंस. मी दिली असती, भार्गवी. तुला दिली असती. पण तू माझं रांडवपण दारोदार विकलंस. मी जे मेल्यासारखं कोपऱ्यात टाकून दिलं होतं, ते तूच मला बाहेर काढायला लावलंस, आणि मग त्याचंच भांडवल केलंस. मला मऊ भात भरवणारे हात होते ना ग ते?”

भार्गवी रडायला लागली. बदली होणार होती, नव्या गावात काहीच नव्हतं, स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं, हॉटेलवाला थांबत नव्हता, असं बरंच काही बोलली. पद्मिनीबाई ऐकत राहिल्या. रडून झाल्यावर पोरीच्या आवाजात जरा धार आली.

“मी खोटं बोलले, मावशी. त्याची माफी मागायलाही मला तोंड नाही. पण एक सांगू? मला वाटलं होतं, दोघी-तिघी तरी माझ्याशी भांडतील. म्हणतील, असलं काही नसतं, पद्मिनीला सांग, आम्ही देणार नाही. मी त्यावर काय बोलायचं तेही ठरवून गेले होते. कोणीच भांडलं नाही हो. मला पटवावंच लागलं नाही. वासंतीकाकूंनी तर मला चहा टाकला होता, तो उकळायच्या आत खिळ्यावरून काढून आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळून. वर हात धुतले.”

पद्मिनीबाईंनी फोन बंद केला. भार्गवीचे निम्मे पैसे संध्याकाळी आले, ते त्यांनी परत पाठवले. हर्षवर्धनला सगळं कळलं तेव्हा तो पहिल्यांदाच त्यांच्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलला: “आई, मी हॉटेलवाल्याकडून परत विकत घेतो.” त्या म्हणाल्या, “नको रे. मी दिलेली होती ती. परत घेऊन मी काय तिचं खोटं खरं करू?” त्याला ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने पुन्हा विषय काढला नाही.

भार्गवीवरचा राग सोपा होता. तो दिवसा यायचा, भांडी घासताना यायचा, ताटलीला टिचकी मारताना यायचा आणि थोड्या वेळाने जायचा. दुसरी गोष्ट जात नव्हती. चोर तो चोर, त्याला शिव्या घालता येतात. पण हात धुणाऱ्या मैत्रिणीचं काय करायचं? सहा जणी होत्या. एकीने चोरी केली. बाकीच्या पाच जणींपैकी एकीलाही असं वाटू नये, की उचलावा फोन आणि विचारावं, ‘पद्मिनी, तू खरंच असं म्हणालीस का ग?’ बारा वर्षांची ओळख, आणि एका फोनइतकाही विश्वास नाही. त्या भिंतीवरच्या सहा खिळ्यांकडे बघायच्या आणि बघून बघून शेवटी त्यांनी तिथे विकायच्या ताटल्या टांगल्या. धंदा थांबला नव्हता. नवं पान हर्षवर्धनने उघडून दिलं, फोटो त्या स्वतः काढतात. थोडे वाकडे येतात. दोष पहिल्याच ओळीत असतो.

संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा वासंतीचा फोन आला. आवाज गोड, जरा घाईचा.

“पद्मिनी, यंदा माझ्याकडे हळदीकुंकू आहे. तू यायचंच. सगळ्याजणी म्हणतायत, पहिलं कुंकू तुला लावायचं. झालं गेलं विसर ग. त्या कार्टीने केलं, आपण कशाला आपल्यात अंतर ठेवायचं?”

“वासंती, एक विचारू?”

“विचार की.”

“ती आली तेव्हा तुला एकदा तरी वाटलं का, की मी असं म्हणणार नाही?”

वासंती हळू आवाजात म्हणाली, “वाटलं होतं ग. पण जयंतरावांची अँजिओग्राफी ठरली होती त्याच आठवड्यात. मी मानत नाही असलं काही, तुला माहीतेय. पण म्हटलं… उगाच विषाची परीक्षा कशाला?”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं असावं. “तसं नव्हे ग, पद्मिनी, तसं नाही म्हणायचं मला,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

पद्मिनीबाईंना ती भीती समजत होती. सुरेशराव अतिदक्षता विभागात होते तेव्हा त्यांनी स्वतः काय काय केलं नव्हतं? कोणी सांगितलेला दोरा बांधला होता, कोणाच्या सांगण्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या होत्या. समजत होतं सगळं, आणि म्हणूनच जास्त लागत होतं. ते दोरे, त्या मिरच्या ज्यासाठी असतात त्या अरिष्टांत आपल्याला धरलं होतं, आपल्याच माणसाने.

“जयंतराव बरे आहेत ना आता?” त्यांनी विचारलं.

“हो. रोज सुखना लेकवर फिरायला जातात.”

“चांगलं झालं. येईन मी संक्रांतीला.”

“खरंच?” वासंतीचा जीव भांड्यात पडला.

“येईन. कुंकू लावून घेईन, तू द्यायचं ते वाणही घेईन. आणि हे बघ, उद्या कोणी माझ्या दारात येऊन म्हणालं, की वासंतीने ते परत मागितलंय, तर त्या येणारीला मी चहासुद्धा विचारणार नाही.”

एवढं बोलून पद्मिनीबाईंनी फोन ठेवला.